फसलेला माणूस हवा आहे

"सगळं आहे तुझ्या फाईलमध्ये. पण फसलेला माणूस कुठं आहे?"

वत्सलाबाईंनी हे विचारलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या. समोर निशिकांत सावर्डेकर वकील ताठ बसला होता. त्याची फाईल उशीएवढी जाड होती.

वत्सलाबाई कारखानीस म्हणजे सांगलीच्या कोर्टातल्या बाई. नुसतं 'बाई' म्हटलं तरी शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना कळायचं. मालाचं नाव, मालाचं वेष्टन, कोणी कोणाची नक्कल केली, अशा भांडणांत चाळीस वर्षं त्यांचा शब्द चालला. ऐंशी जवळ आली तसा त्यांनी काळा कोट उतरवला तो कायमचा.

निशिकांत त्यांचा शिष्य. सात वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेला. हुशार होता, यात वाद नाही. ते त्यालाही ठाऊक होतं, यातही नाही.

"फसलेले पंधरा आहेत, बाई," तो म्हणाला. "पंधरा गिऱ्हाइकांच्या तक्रारी जोडल्यात."

"त्यावर समोरचा वकील काय म्हणाला?"

निशिकांतनं फाईलचं पान उलटलं.

"म्हणाला, ही सगळी बेसावध माणसं. आंधळेपणानं खरेदी करणाऱ्याला कायद्यानं का सांभाळायचं?"

"आणि न्यायाधीश?"

"ते म्हणाले... डोळे उघडे ठेवून घेणारा एक तरी माणूस दाखवा, जो फसला."

"मग दाखव की," बाई म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

खटला साधा होता. विट्याजवळच्या एका गावात अनुराधाकाकी मुळीक शिकेकाई करतात. आईच्या नावानं, 'सगुणा शिकेकाई'. पिवळं पाकीट, त्यावर खांद्यावरून पुढे आलेली काळीभोर वेणी, वेणीत एकच अबोलीचं फूल. गावातल्या बत्तीस बाया शेंगा वाळवायच्या, निवडायच्या, कुटायच्या. ऑनलाइन दुकानातून माल पार मुंबईपर्यंत जायचा.

मग त्याच दुकानात 'सुगंधा शिकेकाई' आली. पिवळं पाकीट. काळीभोर वेणी. फूल तेवढं मोगऱ्याचं.

तिच्या आत काय होतं देव जाणे. डोक्याला खाज सुटायची, केस पुंजक्यानं हातात यायचे, आणि लोक शिव्या घालायचे ते सगुणेला. रत्नागिरीच्या एका निवृत्त शिक्षिकेनं लिहिलं होतं, 'आईच्या नावाला तरी जागायचं होतं.' ते वाचून अनुराधाकाकी दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

ऑर्डरी आटल्या. बत्तीसांतल्या वीस बाया घरी बसल्या. येत्या गुरुवारी मनाई हुकुमावर शेवटची सुनावणी होती. सुगंधाची विक्री तेव्हा थांबली नाही, तर दिवाळीपर्यंत सगुणा संपणार हे उघड होतं.

"हा तक्ता बघा," निशिकांत म्हणाला. त्यानं एक मोठा कागद उलगडला. डावीकडे सगुणेचं चित्र, उजवीकडे सुगंधाचं, मध्ये बाण. "एकवीस साम्यं काढलीत. दोन महिने लागले."

बाईंनी हात पुसला आणि तळहात उजव्या चित्रावर ठेवला. चित्र झाकलं गेलं.

"आता सांग."

"एक झाकल्यावर तुलना कशी करणार, बाई?"

"घेणारा कशी करतो?"

...

"दुकानात त्याच्यासमोर एकच असतं," बाई म्हणाल्या. "दुसरं त्याच्या डोक्यात. तेही अर्धंमुर्धं."

"तेच तर माझं म्हणणं आहे! सामान्य बुद्धीचा, अर्धवट आठवणीचा ग्राहक. कायद्याची कसोटीच ती. मला तो उतारा पाठ आहे, म्हणून दाखवू?"

"नको. तो माणूस दाखव."

निशिकांत वैतागला. उठून खिडकीशी गेला.

"कुठून दाखवू? लोक बघतच नाहीत हो हल्ली. मोबाईलवर नखाएवढं चित्र, त्यावर अंगठा सरसर फिरतो. रंग ओळखीचा वाटला की दाबलं. नाव वाचत नाहीत, मागची बाजू वाचत नाहीत. डोकंच बाजूला ठेवून खरेदी करतात."

"सगळेच?"

"आपल्यासारखे सोडून."

"आपल्यासारखे..." बाई म्हणाल्या. "तू नसतास फसला?"

"मी?" निशिकांत हसला. खरंच मोकळेपणानं हसला. "बाई, सहा महिने मी ही पाकिटं बघतोय. झोपेतून उठवलंत तरी सांगेन कोणती कोण."

"बरं. आणलीयेत का?"

आणली होती. आधीची पाकिटं हाताळून चुरगळली होती, म्हणून कोर्टात दाखवायला त्यानं ताजी मागवली होती. तीही स्वतः. कारकुनावर सोपवायला त्याचा जीव झाला नव्हता. दोन खोकी त्यानं टेबलावर मांडली, दोन्ही अजून चिकटपट्टी लावलेली. एकावर त्यानं जाड पेनानं 'खरी' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'खोटी'.

"उघड खरी," बाई म्हणाल्या.

त्यानं चिकटपट्टी फाडली, पिवळं पाकीट काढलं, आणि कोर्टात धरतात तसं दोन बोटांत उंच धरलं.

"हे पाहा, बाई. या वेणीचा पीळ बघा, किती भरदार. हा पिवळा बघा, हळदीचा. नकलेत हा पिवळा येत नाही, तो जरा लिंबासारखा दिसतो. अक्षरांचं वळण बघा, कसं घरगुती. म्हणजे बघता क्षणी कळतं की हे काम कोणाच्या तरी हातचं आहे. नक्कल करणाऱ्याला ही माया कुठून जमणार? आणि फूल..."

तो थांबला.

"हं. फूल," बाई म्हणाल्या.

फूल पांढरं होतं.

...

निशिकांतनं पाकीट खाली आणलं. उलटं केलं. सुलटं केलं. नाव वाचलं. एखादं पोर बालभारतीचा धडा वाचतं तसं अक्षर अक्षर लावून वाचलं.

मग त्यानं झडप घालून दुसरं खोकं फाडलं. त्यातही सुगंधाच होती.

"दुकानानं चुकीचं पाठवलंय," तो म्हणाला. "पाठवणाऱ्याची चूक. हे असंच करतात."

"तुझी ऑर्डर काढ मोबाईलवर."

त्यानं काढली. परवा दुपारी, दोन तारखांच्या मधल्या वेळात, बाररूममध्ये चहा पिता पिता त्यानं 'सगुणा शिकेकाई' असं शोधलं होतं. शब्द बरोबर होते. पण सर्वांत वर दुकानानं सुगंधा दाखवली होती, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'जाहिरात' असं लिहून. खरी सगुणा तिच्याखाली होती. निशिकांतनं वरचं चित्र दाबलं होतं. पाकीट पिवळं होतं, वेणी काळी होती, गिऱ्हाइकांनी दिलेल्या चांदण्या चारच्या वर होत्या, आणि चहा निवत होता.

दुसऱ्यांदा त्यानं मुद्दाम सुगंधा शोधून मागवली. तेव्हा मात्र नाव नीट वाचलं होतं.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बाई हसू लागल्या. आधी गालात, मग खांदे हलवून, मग इतक्या की डोळ्यांत पाणी आलं. मटाराचं ताट मांडीवरून घसरलं आणि दाणे फरशीभर पळाले. बाईंना त्याचं काहीच नव्हतं.

"सापडला!" त्या ओरडल्या. "अरे, सापडला की! सहा महिने गावभर शोधत होतास ना? हा बघ बसलाय माझ्या घरात!"

"बाई, कृपा करून हे कोणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू?" बाईंनी डोळे पुसले. "तू सांगणार. प्रतिज्ञापत्रावर."

...

निशिकांतला समजायला वेळ लागला नाही. हुशार होता, हे आधीच सांगितलंय.

"मी साक्षीदार झालो तर वकीलपत्र सोडावं लागेल."

"लागेल."

"ज्या खटल्यात साक्ष द्यायची तो खटला चालवता येत नाही."

"नाही येत. मीच शिकवलंय तुला."

"बाई, हा माझा खटला आहे! पहिल्यापासून मी उभा केलाय. असा खटला जिल्ह्यात दहा वर्षांत झाला नाही. निकालावर वकील म्हणून माझं नाव..." मग तो हळू आवाजात म्हणाला, "कारकुनाच्या नावानं घालू या का? त्यानं मागवलं असं म्हणू."

बाईंचं हसू गेलं.

"ते लिहिशील तर त्या कागदावर नाव कारकुनाचं असेल, आणि आत माल तुझा," त्या म्हणाल्या. "मग सुगंधावाल्याला बोल लावायला तोंड उरेल का तुला?"

निशिकांतनं फाईल काखेत मारली. चपला घालताना तो एवढंच म्हणाला, "चाळीस वकिलांसमोर मी उभा राहून सांगू की मी गाढव आहे?"

"खटला जिंकायचाय की चालवायचाय?" बाईंनी विचारलं.

तो उत्तर न देता जिना उतरला. रागावला होता. बाईंवर रागावला होता असं त्याला वाटत होतं.

खाली गाडीत बसतोय तोच फोन वाजला. अनुराधाकाकी होत्या.

"सायेब, कामात हाय का?"

"बोला काकी."

"गुरवारी कोर्टात आईचा फोटू आनला तर चालतंय का वो? मोटा न्हाई, हाताएवढाच हाय. पिशवीत ठेवीन. बाहीर काडणार न्हाई."

"फोटो कशाला, काकी?"

"न्हाई म्हंजी... तिच्या नावाचा न्याय हाय. आपुन सगळी जानार आन् तीच न्हाई, ते बरं दिसत न्हाई."

सहा महिन्यांत निशिकांतनं सगुणेबद्दल एकवीस मुद्दे लिहिले होते. ती कोणाची तरी आई होती हे त्याच्या तक्त्यात कुठंच नव्हतं. लाज वाटली त्याला, आणि ही लाज मघाच्या लाजेहून वेगळी होती.

"आणा, काकी," तो म्हणाला. "पण एक सांगायचंय. गुरुवारी तुमच्या बाजूनं मी बोलणार नाही. तस्नीम बोलेल."



"आमचं काय चुकलं का, सायेब?"

"तुमचं नाही. माझं चुकलंय. आणि त्याच्यामुळंच आपण जिंकू."

तस्नीम मुजावर त्याची ज्युनिअर. चार वर्षांत त्यानं तिला कोर्टात एकच वाक्य बोलू दिलं होतं, 'पुढची तारीख मिळावी.' त्या संध्याकाळी त्यानं उशीएवढी फाईल तिच्यासमोर ठेवली आणि स्वतःची फजिती पहिल्यापासून सांगितली. तस्नीम ओठ दाबून ऐकत होती.

"हसलीस तरी चालेल," तो म्हणाला.

ती पोट धरून हसली. मग तिनं वही ओढली, एकवीस कलमांचा तक्ता घडी करून बाजूला ठेवला, आणि विचारलं, "सर, त्या वेळी चहा पीत होतात हे लिहायचं का?"

"सगळं लिही."

गुरुवारी कोर्ट खचाखच भरलं. वकील मंडळींना अशा बातमीचा वास लवकर येतो. निशिकांतनं काळा कोट घातला नव्हता. साध्या पांढऱ्या शर्टात तो मागच्या बाकावर अनुराधाकाकींच्या शेजारी बसला. काकींच्या मांडीवर कापडी पिशवी होती, आणि पिशवीवर त्यांचा हात होता.

तस्नीम उभी राहिली. सुरुवातीला तिचा आवाज कापला. पण तिनं तक्ता दाखवला नाही, उतारे म्हटले नाहीत. तिनं एका माणसाचं प्रतिज्ञापत्र वाचलं. त्यात चहा होता, नखाएवढं चित्र होतं, मुंगीएवढी 'जाहिरात' होती, जाड पेनानं लिहिलेलं 'खरी' होतं, आणि हातात नक्कल धरून नकलेचं केलेलं कौतुकही होतं. खाली सही होती, 'निशिकांत श्रीधर सावर्डेकर, वकील, अकरा वर्षांचा अनुभव, याच खटल्यातील वादीचे माजी वकील.'

कोर्टात खसखस पिकली. मागं कोणीतरी शिट्टी मारल्यासारखा आवाज केला. निशिकांतनं मान खाली घातली नाही. मला वाटतं, त्याच्या अकरा वर्षांतली ती सगळ्यात चांगली वकिली होती, आणि त्यात तो एक शब्द बोलला नव्हता.

सुगंधावाल्यांचे वकील मुंबईचे, मोठे नावाजलेले. ते हसत हसत उठले.

"साहेब, हे कसं मानायचं? इतका शिकलेला माणूस! वकील! व्यापारचिन्हांचा जाणकार! सहा महिने रात्रंदिवस हीच दोन पाकिटं डोळ्यांसमोर! त्यालासुद्धा फरक कळला नाही, असं म्हणणं आहे यांचं?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"हो. तेच म्हणणं आहे," ते म्हणाले. "त्याला नाही कळला, तर केस धुवायला बसलेल्या माणसाला कसा कळावा?"

वकीलसाहेबांनी हात पुढे केला.

"साहेब, माझा मुद्दा असा की..."

"तुमचा मुद्दा मी लिहून घेतला," न्यायाधीश म्हणाले. "तो वादीच्या बाजूचा आहे."

या वेळी हसू दाबायचा प्रयत्न कोणी केला नाही. पट्टेवालाही हसला.

दुपारी हुकूम झाला. सुगंधानं ते पिवळं पाकीट आणि ती वेणी निकाल लागेपर्यंत कुठंही वापरायची नाही. ऑनलाइन दुकानानं तिची सगळी पाकिटं तीन दिवसांत काढून टाकायची. सगुणेच्या नावानं कोणी शोधलं तर तिथं जाहिरात म्हणून सुगंधाला दाखवायचं नाही.

हुकूम इंग्रजीत वाचला गेला, त्यामुळं अनुराधाकाकींना काही कळेना. त्या निशिकांतचा दंड धरून विचारत होत्या, "काय झालं? काय म्हनत्यात?"

"आई जिंकली, काकी."

काकींनी पिशवीतून फोटो काढला. बाहेर काढणार नाही म्हणाल्या होत्या, पण काढला. छातीशी धरला आणि भर कोर्टात मोठ्यानं रडल्या. कोणी त्यांना गप्प केलं नाही. बाहेर व्हरांड्यात टेम्पोनं आलेल्या बाया उभ्या होत्या. त्यांना बातमी कळली आणि एकच गलका झाला. त्यांनी आधी तस्नीमला मिठ्या मारल्या, मग निशिकांतला मध्ये घेऊन फुगडी घालायला लावली. सावर्डेकर वकील कोर्टाच्या आवारात फुगडी घालताना त्या दिवशी अख्ख्या बारनं पाहिला. "काय हो, डोक्याला कोणती लावता?" असं एकानं ओरडून विचारलं, तेव्हा तोही फिरता फिरता ओरडला, "मिळेल ती!"

संध्याकाळी तो पेढे घेऊन बाईंकडे गेला. वाकून पाया पडला. बाई वर्तमानपत्र वाचत होत्या.

"तस्नीम कशी बोलली?"

"माझ्याहून चांगली," तो म्हणाला. हे म्हणताना त्याला त्रास झाला नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. "सोमवारपासून सगळ्या बाया कामावर येतायत. बत्तीसच्या बत्तीस."

"छान."

बाईंनी पेढा तोंडात टाकला. निशिकांत समोर बसून राहिला. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं.

"बाई, या तीन दिवसांत मी जे शिकलो ना, ते सात वर्षांत शिकलो नव्हतो."

"हं."

"आता कुठलंही पाकीट हातात आलं की आधी नाव वाचतो. मग मागची बाजू. मग पत्ता. काल साबण घ्यायला अर्धा तास लागला." तो अभिमानानं हसला. "यापुढं नाही फसणार मी. कधीच नाही."

बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "आता कुठं माणूस झाला होतास. परत नुसता वकीलच झालास की."